बिब्बा, सिमेंट आणि गाजरगवत

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात एक करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील भिलाई या ठिकाणी पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले. दुर्ग जिल्हा त्या वेळी जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात वस्ती करून राहिलेल्या मराठी कुटुंबांना हा मुलूख परका नव्हता. पुढच्या चार वर्षांत मात्र या मुलखाचे रूप पार पालटून गेले. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक भिलाईकडे येऊ लागला, देशाच्या कानाकोपऱ्यांतून मजूर, गवंडी, फिटर आणि अभियंते आले, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

पोलादाचा हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. परंतु जेथे माणसे नव्या जागी जातात, नवे धंदे करू लागतात आणि नव्या वस्तू हाताळू लागतात, तेथे आणखी एक इतिहास लिहिला जात असतो. तो कागदावर उमटत नाही. माणसाच्या कातडीवर उमटतो. अंगावर उठणारे पुरळ, खाज, लाली, फोड आणि चिघळलेले चट्टे ही त्याची लिपी होय. ती वाचावयास वैद्यकशास्त्राला फार उशिरा जमले. भिलाईच्या परिसरात आढळणाऱ्या तीन वस्तूंच्या आधाराने ती वाचता येते. पहिली आहे रानातला बिब्बा, दुसरी बांधकामावरचे सिमेंट आणि तिसरी मोकळ्या जागेत माजणारे गाजरगवत.

या तिन्ही वस्तूंकडे वळण्यापूर्वी जुन्या ज्ञानाची दखल घेणे योग्य ठरेल. अंगावर गांधी उठण्याचा विकार आपल्या वैद्यांना चांगला ठाऊक होता. माधवनिदान या प्राचीन ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ या विकारांचे स्वतंत्र प्रकरण आहे. गांधीलमाशी चावल्यावर जशी सूज येते तशी सूज अंगभर उठते, असे चपखल वर्णन त्यात आढळते. थंड वाऱ्याच्या स्पर्शाने दोष प्रकुपित होऊन हा विकार होतो, अशी त्या काळची उपपत्ती होती; आणि मोहरीच्या तेलाचे अभ्यंग, गरम पाण्याचा शेक असे उपचार सांगितले जात. मराठी घरांत या विकाराला आजही 'अंगावर पित्त उठणे' असेच म्हणतात, आणि आमसुलाचे पाणी अंगाला चोळणे हा आजीबाईच्या बटव्यातला ठरलेला उपाय असतो. या उपायाने थंडावा मिळतो हे खरे. तथापि अशी प्रत्येक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत आपोआप विरते. जो विकार स्वभावतःच ओसरतो, त्याच्या प्रत्येक औषधाला यश लाभते. आणि खरे कारण शोधण्याची निकड मात्र कोणालाच भासत नाही.

कारणाचा शोध विसाव्या शतकाच्या आरंभी लागू लागला. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली 'ॲलर्जी' हा शब्द प्रथम योजिला. घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेली लस दुसऱ्यांदा टोचली असता काही मुलांना पूर्वीपेक्षा लवकर आणि अधिक जोराने त्रास होतो, हे त्यांनी पाहिले होते. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, शरीर पहिल्या भेटीत परक्या पदार्थाची ओळख ठेवते आणि दुसऱ्या भेटीत बदललेल्या रीतीने वागते. रोगापासून रक्षण करणारी शरीराची शक्तीच येथे निरुपद्रवी वस्तूवर शस्त्र उपसते. या शब्दाला मराठीत पुष्कळ प्रतिशब्द सुचविले गेले; लोकांनी मात्र 'ॲलर्जी' हाच शब्द आपलासा केला.

ही शस्त्रे दोन प्रकारची असतात, आणि उपचाराचे सारे मर्म त्यांतील फरक ओळखण्यात आहे. पहिल्या प्रकारात एखादा पदार्थ खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा माशी चावल्यावर काही मिनिटांत अथवा एक-दोन तासांत गांधी उठतात. कातडीतील विशिष्ट पेशींमधून हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर पडते, बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि सूज व खाज येते. दुसऱ्या प्रकारात शरीराच्या पांढऱ्या पेशी प्रत्यक्ष लढ्यात उतरतात. एखादे क्षुद्र रासायनिक द्रव्य कातडीत शिरून तेथील प्रथिनाला चिकटते. पांढऱ्या पेशी त्याची ओळख पटवून घेतात. आणि पुन्हा तोच स्पर्श झाला की एक ते तीन दिवसांनी तेथे लाली, फोड आणि चिघळ उत्पन्न होतो. हा संपर्कजन्य त्वचादाह होय. स्पर्श सोमवारी आणि पुरळ बुधवारी, असा हा मामला असल्यामुळे रोग्याला खरा गुन्हेगार सहसा सापडत नाही. तो मंगळवारच्या जेवणाला दोष देऊन मोकळा होतो.

बिब्ब्याची कथा या दुसऱ्या प्रकारातली आहे. आंबा आणि काजू यांच्या कुळातला हा वृक्ष छत्तीसगडच्या रानात मुबलक आढळतो. तेथे त्याला भेलवा म्हणतात. हरेलीच्या सणाला शेतकरी त्याच्या फांद्या शेतात रोवतात. महाराष्ट्रात बिब्ब्याच्या आतली गोडंबी लोक आवडीने खातात, आणि चाललेल्या कामात कोणी विघ्न आणले तर 'त्याने बिब्बा घातला' असे म्हणतात. फळाच्या सालीतील तेल हवेत काळे पडते आणि धुतले तरी जात नाही. म्हणून परटांनी चुन्याच्या साहाय्याने कपड्यांवर खुणा करण्यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले. परंतु हेच तेल अंगाला लागले तर बिब्बा 'उततो', आणि अंग सुजून फोड येतात. चरकसंहितेत रसायन म्हणून बिब्ब्याची थोरवी गायिली आहे. पण तो अग्नीसारखा तीक्ष्ण आहे हा इशाराही दिला आहे, आणि सेवनापूर्वी तोंडाला आतून तूप लावावयास सांगितले आहे. औषधाची शक्ती आणि तिचा धोका ही दोन्ही प्राचीनांनी एकाच वेळी ओळखली होती.

या तेलाने आधुनिक वैद्यकाला एक मोठा धडा शिकविला तो दुसऱ्या महायुद्धात. भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर आणि कमरेवर खाजरे चट्टे उठू लागले. नायट्याची औषधे लावून गुण येईना. चट्ट्यांच्या जागा नीट पाहिल्या तेव्हा कपड्यावर जेथे परटाची खूण, तेथेच चट्टा, असा मेळ बसला. लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या लष्करी डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकन वैद्यक संघाच्या मुखपत्रात हा विकार नोंदविला. अमेरिकेत एक विषारी वेल उगवते. तिच्या रसातील द्रव्ये आणि बिब्ब्याच्या तेलातील द्रव्ये परस्परांशी रासायनिक नाते सांगतात. ज्याच्या शरीराने आपल्या गावी त्या वेलीची ओळख ठेवली होती, त्याला हिंदुस्थानातील बिब्बा पहिल्याच भेटीत शत्रू वाटला. येथे उपाय मलमाचा नव्हता. कपड्यावरची खूण काढणे हाच उपाय होता.

बिब्बा उतल्यावर काय करावे, याविषयी एक गैरसमज रूढ आहे. फोडातील पाणी लागून रोग पसरतो असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः फोडातील पाण्यात ते तेल नसते. नखांत, दोरीवर, कपड्यावर राहिलेले तेलच पुन्हा पुन्हा लागते आणि पुरळ वाढत गेल्यासारखे दिसते. म्हणून तेल लागताच साबणाने व भरपूर पाण्याने अंग धुणे आणि कपडे व हत्यारे स्वच्छ करणे हा पहिला उपचार होय.

दुसरी वस्तू सिमेंट. कारखाना, वसाहत, शाळा, इस्पितळ, जे जे उभे राहते ते सिमेंटवर उभे राहते. भिलाईही त्याला अपवाद नव्हती. ओल्या सिमेंटचा क्षार इतका तीव्र असतो की त्याने कातडी नुसतीच भाजून निघते. पण काही गवंड्यांना, वर्षानुवर्षे हेच काम केल्यावर, एके दिवशी हातांवर असा खरूजसदृश चट्टा उठतो की तो काही केल्या बरा होत नाही. याचे कारण १९५० साली स्वित्झर्लंडमधील येगर व पेलोनी या संशोधकांनी दाखवून दिले. सिमेंटमध्ये अल्प प्रमाणात क्रोमियमचे क्षार असतात आणि कातडीचे वैर त्यांच्याशी असते. सिमेंटच्या भट्टीत सुमारे १४५० अंश उष्णतेत कच्च्या मालातील क्रोमियमचे पाण्यात विरघळणाऱ्या रूपात परिवर्तन होते आणि ते ओल्या गिलाव्यातून हातात उतरते.

हे वैर सिद्ध करण्याचे साधन त्यापूर्वी अर्धशतक उपलब्ध झाले होते. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी १८९५ साली पट्टी-परीक्षेची कल्पना मांडली. संशयित द्रव्य सौम्य प्रमाणात पाठीवर पट्टीखाली ठेवावयाचे, दोन दिवसांनी पट्टी काढून पाहावयाचे आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा पाहावयाचे. ज्या द्रव्याखाली लाल फुगीर डाग दिसेल ते गुन्हेगार. रोग्याच्या पाठीवर त्याच्याच रोगाची लहानशी प्रतिकृती तयार करून ती न्यायासनापुढे ठेवावी, अशी ही युक्ती होय. इतकी साधी परीक्षा इतक्या दिवसांनंतरही तिच्या योग्यतेच्या प्रमाणात वापरली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

क्रोमियमची ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा सुटत नाही. डॉक्टर म्हणतात, 'धंदा सोडा.' परंतु ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्या गवंड्याला हा सल्ला म्हणजे अर्धी भाकरी सोडण्याचा सल्ला असतो. येथे त्वचारोगाचा प्रश्न वैद्याच्या खोलीतून बाहेर पडून समाजाच्या दारात येतो. १९८०च्या दशकाच्या आरंभी डेन्मार्कने यावर तोड काढली. सिमेंटमध्ये थोडे फेरस सल्फेट, म्हणजे साधा हिराकस, मिसळला की विरघळणारे क्रोमियम बव्हंशी निरुपद्रवी रूपात जाते. पुढे युरोपीय संघाने २००५ सालापासून अशा क्रोमियमची मर्यादा दहा लाख भागांस दोन भाग इतकी ठरविली. गवंड्याला धंदा सोडावयास न लावता धंद्यातले विष काढून टाकले गेले.

भिलाईच्या संदर्भात या गोष्टीला एक वेगळे महत्त्व आहे. लोखंडाच्या झोतभट्टीतून निघणारी मळी एके काळी टाकाऊ मानली जाई. तीच बारीक दळून सिमेंटमध्ये मिसळली असता उत्तम मळी-सिमेंट तयार होते, आणि भिलाईजवळ जामुल येथे १९६५ साली सिमेंटचा कारखाना निघाला. झोतभट्टीतील वातावरण सिमेंटच्या भट्टीच्या उलट स्वरूपाचे, प्राणवायू हिरावून घेणारे असते. त्यामुळे मळीत विरघळणारे क्रोमियम फारच थोडे राहते आणि मळीचा भाग जितका अधिक तितके मिश्रणातील क्रोमियमचे प्रमाण सामान्यतः कमी होते. गवंड्याच्या हातांचा विचार मनात आणून कोणी हे सिमेंट बनविले नाही. तरीही त्याचा लाभ त्या हातांना होऊ शकतो. तथापि क्षाराचा दाह याही सिमेंटला चुकलेला नाही. हातमोजे, गमबूट आणि काम संपताच स्वच्छ पाणी यांना दुसरा पर्याय नाही.

तिसरी वस्तू गाजरगवत. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे त्याचे शास्त्रीय नाव असून ते मूळचे उष्ण अमेरिकेतले आहे. १९५०च्या दशकात पुण्याच्या उकिरड्यांवर प्रा. परांजपे यांच्या दृष्टीस ही अनोळखी वनस्पती पडली आणि १९५६ साली राव यांनी मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात तिची भारतातील नवी वनस्पती म्हणून नोंद केली. अमेरिकेतून 'पी. एल. ४८०' या कायद्यान्वये आलेल्या गव्हातून तिचे बी आले, असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु त्या कायद्याखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला आहे आणि वनस्पती पुण्यात त्यापूर्वीच दिसली होती. अमेरिकन धान्य मात्र १९५१ च्या टंचाईतही आले होते. आणि एकोणिसाव्या शतकातील वनस्पतींच्या याद्यांतही या जातीचे नाव आढळते. तेव्हा एकाच जहाजावर सारा दोष लादणे इतिहासाला धरून होणार नाही. बी केव्हाही आले असो, ते फोफावले ते खणलेल्या, उघड्या पडलेल्या जमिनींवर. आणि रस्ते, धरणे, लोहमार्ग व नव्या वसाहती यांमुळे अशी जमीन त्या दशकांत देशभर उपलब्ध झाली होती.

या गवताने पुण्याच्या परिसरात त्वचारोगाची जणू साथच आणली. डॉ. लोणकर व डॉ. जोग यांनी १९७२ साली तिची माहिती शास्त्रीय जगापुढे ठेवली, आणि १९७४ साली लोणकर, मिशेल व कॅलनन यांचा सविस्तर निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पार्थेनिन नावाचे द्रव्य हे या दाहाचे प्रमुख कारण ठरले. रोगी बहुधा शेतावर राबणारे पुरुष असत. पापण्या, चेहरा, मान, कोपरांच्या व गुडघ्यांच्या लवणी येथे पुरळ उठे. उन्हाळ्यात व पावसाळ्यात वाढे आणि थंडीत उतरे. गवताला हात लावावयाचीही गरज नव्हती, वाळलेल्या पानाफुलांचा उडता धुरळा पुरेसा होता. पुढे पुढे काहींची कातडी जाड, काळी आणि उन्हालाही न सोसणारी होई. परागणाच्या अन् वाऱ्याच्या या शत्रूपासून पळून जाण्यास शेतकऱ्याला जागाच नव्हती. छत्तीसगडात हेच गवत गाजर घास या नावाने ओळखले जाते.

गवताचा बंदोबस्त करण्याचे प्रयत्नही इतिहासजमा करण्यासारखे आहेत. कर्नाटकने १९७५ साली कायद्याने त्याला उपद्रवी तण ठरविले. मेक्सिकोतून आणलेला, मुख्यतः याच गवतावर ताव मारणारा एक भुंगेरा बंगळूर येथे तपासून १९८४ साली सोडण्यात आला. टाकळ्याच्या जातींची झुडपे गाजरगवताला हटवितात असे दिसून आले. छत्तीसगडात चरोटा म्हणून ज्याची भाजी खातात, तोच हा टाकळा. हाताने उपटणे हाही चांगला उपाय आहे. परंतु ते फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून उपटावे, आणि ज्याला एकदा त्रास झाला आहे त्याने ते काम करूच नये. एकेका झाडाला हजारो बिया येतात. एकट्या शेतकऱ्याने आपला बांध स्वच्छ केला तरी शेजारचे पडीक शेत त्याला सुखाने झोपू देत नाही.

आता औषधांचा विचार. १९३७ साली पॅरिस येथे डॅनिएल बोव्हे यांनी हिस्टामिनला रोखणारे पहिले द्रव्य शोधिले. त्यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गांधींच्या विकारात या वर्गातील गोळ्या उत्तम गुण देतात. परंतु बिब्बा, सिमेंट वा गाजरगवत यांच्या दाहात पांढऱ्या पेशींचा लढा चाललेला असतो. तेथे या गोळ्यांचा फारसा प्रभाव पडत नाही. तो दाह शमविण्याचे साधन १९५२ साली हाती आले. अमेरिकेत सुल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम कातडीवर परिणामकारक ठरते हे दाखविले. जुनाट गाजरगवती दाहात अझाथायोप्रिन या औषधाचा उपयोग दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी सिद्ध केला. परंतु ते रक्ताच्या तपासण्या करीत, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते.

स्टेरॉइडच्या मलमाचे वरदान आपल्या देशात पुष्कळदा शाप ठरले. तासाभरात खाज थांबते म्हणून ते शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिले, दुकानदाराने चिठ्ठीवाचून विकले, गोरेपणासाठी चेहऱ्यावरही फासले गेले. दीर्घ वापराने कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि विकार नायट्याचा असेल तर तो दबून आतल्या आत पसरतो. २०१८ साली केंद्र सरकारला अशा अनेक मलमांची विनाचिठ्ठी विक्री थांबविण्याची अधिसूचना काढावी लागली. एक गोष्ट मात्र विलंब न लावता करावयाची असते. गांधींबरोबर ओठ, जीभ वा घसा सुजू लागला, श्वास कोंडला किंवा भोवळ आली, तर घरगुती उपायात क्षणही न दवडता रोग्याला इस्पितळात न्यावे. तेथे ॲड्रेनलिनची एक सुई प्राण वाचविते.

तीनही वस्तूंच्या इतिहासात एक समान सूत्र दिसते. औषधाने आराम दिला, पण रोग हटला तो कारण हटल्यावर. आणि कारण सापडले ते कोणीतरी नीट विचारपूस केली म्हणून. सैनिकाच्या मानेवरची खूण, गवंड्याच्या हातातला गिलावा, शेतकऱ्याच्या बांधावरचे गवत यांकडे पाहिल्यावाचून निदान पुरे झाले नाही. इटलीचे वैद्य रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर आपल्या व्यवसायबंधूंना सांगितले होते की, रोग्याला इतर प्रश्नांबरोबर त्याचा धंदा कोणता हेही विचारावे. या प्रश्नाला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, आणि समोरच्या माणसाचे हात आपल्या हातात घेऊन पाहण्याची तयारी. परंतु उत्तर मिळाल्यावर वैद्याचे काम संपले तरी समाजाचे सुरू होते. सिमेंटमधले क्रोमियम गवंड्याला काढता येत नाही आणि गावभरचे गाजरगवत एकट्या शेतकऱ्याला उपटता येत नाही. ती कामे कारखान्याने, सरकारने आणि गावाने मिळून करावयाची असतात.